व्यापारी व्हिसा : एका फायलीची हकिकत

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. बँकेचे पत्र असो, दवाखान्याचा रिपोर्ट असो, की धाकट्या भावाच्या शाळेची नोटीस असो, अण्णा तो उलगडूनही पाहत नाहीत, सरळ माझ्या पुस्तकांवर आणून ठेवतात. अण्णा मार्केट यार्डात भुसार विभागात हमाली करतात. आई चार घरची कामे करते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि जी कॉलेजात जाते तिला जगातले सगळे इंग्रजी येते, असा आमच्या अप्पर इंदिरानगरातल्या आळीचा समज आहे. तो समज चुकीचा आहे हे मी कोणाला सांगत नाही. शब्दकोश उशाशी ठेवते.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मामा असाच एक कागद घेऊन आले. कागद कसला, चांगली निळी फाईल होती. वर सोनेरी अक्षरांत काहीतरी छापलेले, आत प्लॅस्टिकच्या कप्प्यांत पंधरावीस पाने. मामा म्हणाले, "हे जरा वाचून सांग गं. आपण अमेरिकेला निघालोय."

मामांचे बिबवेवाडीत मसाला कांडप केंद्र आहे. शिमगा जवळ आला की तिथे रांगा लागतात. बायका ब्याडगी, लवंगी, संकेश्वरी मिरच्या आपापल्या अंदाजाने मिसळून आणतात, धने-दगडफूल-नाकेश्वर भाजून आणतात, आणि मामा डंकावर कुटून देतात. चार महिने कमवायचे आणि आठ महिने पुरवायचे असा तो धंदा. म्हणून मामी वर्षभर कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करून विकू लागल्या. माल यार्डातलाच, बहुतेकदा अण्णांच्याच पाठीवरून उतरलेला. आता सोसायट्यांतल्या बायका हा मसाला किलो-किलोने नेतात, कारण कोणाची मुलगी न्यू जर्सीला असते, कोणाचा मुलगा टेक्सासला. अशाच एका बाईंच्या मुलीने कळवले की इकडे शंभर किलो सुद्धा महिन्याला खपेल. त्या शंभर किलोंनी मामांची झोप उडवली.

मग कोणीतरी त्यांना शहरातल्या एका सल्लागाराकडे नेले. तिथे टाय लावलेल्या गृहस्थाने सांगितले की तुम्ही व्यापारी आहात, तुम्हाला 'ट्रेडर व्हिसा' मिळतो. तो घ्या, अमेरिकेत गाळा घ्या, कुटुंबही नेता येईल. खर्च अडीच लाख रुपये, पैकी पन्नास हजार आगाऊ. मामांनी भिशी उचलून पन्नास हजार भरले आणि ही निळी फाईल घरी आणली.

मी ती फाईल चार रात्री वाचली. पाचव्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयातील संगणकावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची अधिकृत पाने वाचली. त्यातून मला जे समजले ते येथे मांडते आहे, कारण आमच्या भागात 'बाहेर' जाण्याची स्वप्ने पुष्कळांच्या घरात आहेत आणि निळ्या फायलीही बऱ्याच असाव्यात.

प्रथम दोन शब्दांतला घोळ काढून टाकू. पासपोर्ट, म्हणजे पारपत्र, हे आपले सरकार आपल्याला देते; हा माणूस आमचा नागरिक आहे, एवढेच ते सांगते. व्हिसा दुसऱ्याचे सरकार देते, आणि तू आमच्या दारापर्यंत अमुक कामासाठी येऊ शकतोस, असे सांगते. दारातून आत किती दिवस घ्यायचे हे पुन्हा विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. 'अमुक कामासाठी' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. शिकायला वेगळा, नोकरीला वेगळा, फिरायला वेगळा व्हिसा, आणि इंग्रजी अक्षरांनी त्यांची नावे पाडलेली असतात. फाईलमध्ये ज्याचा उल्लेख होता तो 'ई-१', म्हणजे तहाखालचा व्यापारी. त्याचा सख्खा भाऊ 'ई-२', म्हणजे तहाखालचा गुंतवणूकदार. तो 'तह' हा शब्द फाईलमध्ये एकदाच, सातव्या पानावर, बारीक अक्षरांत आला होता. सगळी मेख त्या शब्दात होती.

इतिहास हा माझा आवडीचा विषय, म्हणून मी जरा मागे जाते. दोन देश आपसांत मैत्रीचा आणि व्यापाराचा तह करीत, त्यात एक कलम असे की तुमचे व्यापारी आमच्या देशात येऊन राहतील, वखारी भाड्याने घेतील, आणि आमचे तुमच्याकडे. १९२४ साली अमेरिकेने बाहेरच्यांच्या येण्यावर कडक बंधने घातली, तेव्हा या तहांची पंचाईत होऊ नये म्हणून कायद्यात एक फट ठेवली : तहाच्या आधाराने केवळ व्यापारासाठी येणाऱ्यास स्थलांतरित समजू नये. १९५२ च्या कायद्यात तीच तरतूद 'ई' या अक्षराखाली आली आणि व्यापाऱ्याच्या जोडीला गुंतवणूकदारही आला. म्हणजे हा व्हिसा माणसाच्या हुशारीवर किंवा त्याच्या मालाच्या चवीवर मिळत नाही. त्याच्या देशाने केव्हा तरी केलेल्या करारावर मिळतो. करार नसेल तर अर्जाची पुढची पाने वाचण्याचेही कारण उरत नाही.

या तहांची यादी परराष्ट्र खात्याने छापलेली आहे. ती वर्णानुक्रमाने आहे. इंग्रजी 'एच'मध्ये होंडुरास आहे आणि त्यानंतर 'आय'मध्ये आयर्लंड, इस्रायल, इटली. होंडुरास आणि आयर्लंड यांच्या मध्ये इंडिया यायला हवे. मी तीन वेळा बोट ठेवून पाहिले. नाही. मग वाटले, भारत निराळ्या नावाने असेल, म्हणून 'बी'मध्येही पाहिले. तिथे बांगलादेश आहे. शेवटी प्रत्येक देशासाठी कोणता व्हिसा किती मुदतीचा याचा जो तक्ता असतो तो काढला, तर भारताच्या पानावर ई-१ पुढे आणि ई-२ पुढे सरळ 'तह नाही' असे लिहिलेले. अमेरिकेशी भारताचा अशा प्रकारचा तह झालेला नाही, म्हणून भारतीय नागरिकाला हा व्हिसा मिळूच शकत नाही. मामांना तर नाहीच, पण कारखानदारांनाही नाही.

घरी येऊन मी हे सांगितले. मामा म्हणाले, "तू नीट वाचलं नसशील." अण्णा काही बोलले नाहीत. खरे सांगायचे तर मलाही क्षणभर तसेच वाटले. टाय लावलेला माणूस चुकेल आणि मी बरोबर असेन, यावर माझाच विश्वास बसेना. म्हणून मी ते पान छापून आणले आणि देशांची नावे मराठीत लिहून मामांपुढे ठेवली. पाकिस्तानचे नाव वाचून मामा उठून उभे राहिले. पाकिस्तानच्या नागरिकांना व्यापारी आणि गुंतवणूकदार असे दोन्ही व्हिसे १९६१ पासून खुले आहेत. बांगलादेशाला १९८९ पासून आणि श्रीलंकेला १९९३ पासून गुंतवणुकीपुरता. "त्यांना आहे आणि आपल्याला नाही, असं कसं?" हा मामांचा प्रश्न साधा होता, पण तह हे असेच असतात. ज्याने ज्या काळी ज्या गरजेने केला, त्याला त्याचे फळ.

यात एक गंमत मला सापडली. ब्रिटिश लोकांना अमेरिकेत हा व्हिसा मिळतो तो १८१५ सालच्या व्यापारी कराराच्या आधाराने. हा करार ३ जुलै १८१५ रोजी लंडन येथे झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात आपल्या मुंबईचे नाव आहे! कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि प्रिन्स ऑफ वेल्स बेट, म्हणजे आजचे पेनांग, या बंदरांत अमेरिकन जहाजांनी यावे आणि व्यापार करावा, अशी परवानगी त्यात दिली होती. परंतु माणसांनी एकमेकांच्या मुलखात जाऊन राहण्याचे, घरे-वखारी घेण्याचे जे पहिले कलम होते, त्यात इंग्लंडच्या राजाचा मुलूख तो केवळ युरोपातला धरलेला होता. अमेरिकन जहाजाने मुंबईत येऊन माल भरावा, पण मुंबईच्या व्यापाऱ्याने त्या कराराच्या बळावर बोस्टनला दुकान थाटू नये, असा त्याचा अर्थ. पुढे शंभर वर्षांनी तर दार आणखी घट्ट झाले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. १९४६ च्या कायद्याने ते बदलले, तरी स्थलांतराचा वाटा ठेवला वर्षाला शंभर माणसांचा. आमच्या चाळीत सुद्धा शंभराहून जास्त माणसे राहतात.

बरे, समजा तह असता, तर मामांना तो मिळाला असता का? हेही सांगितले पाहिजे, कारण ज्या देशांचा तह आहे तिथल्या माणसालाही तो सहज मिळत नाही. पेढीची निदान निम्मी मालकी तहाच्या देशातील नागरिकांकडे हवी. व्यापार आधीच चालू असायला हवा. 'तिथे गेल्यावर करीन' हे चालत नाही. तो व्यापार भरीव हवा, म्हणजे एकदाच मोठा कंटेनर पाठवला आणि थांबले असे नव्हे, तर पुन्हा पुन्हा होणारे व्यवहार हवेत. रकमेचा आकडा कायद्याने ठरवलेला नाही. लहान व्यापाऱ्याचे लहान पण सातत्याचे व्यवहार असतील आणि त्यात त्याचे कुटुंब पोसत असेल तर त्याचाही विचार होतो. पेढीच्या एकूण परदेशी व्यापारापैकी निम्म्याहून अधिक व्यापार अमेरिका आणि तो देश यांच्यातच हवा. एखाद्या जपानी पेढीने चाळीस टक्के माल अमेरिकेला आणि साठ टक्के ऑस्ट्रेलियाला पाठवला तर ती या कसोटीला उतरत नाही. अर्जदार स्वतः मालक, देखरेख करणारा, किंवा ज्याच्यावाचून काम अडेल असा कसबी असला पाहिजे. मालच कशाला, बँक, विमा, वाहतूक, पर्यटन हाही व्यापारच धरतात. एका वेळी दोन वर्षांपर्यंत राहता येते आणि ती मुदत वाढवता येते, मात्र काम संपल्यावर परत जाण्याची तयारी हवी. अर्जाचे शुल्क २०२३ पासून ३१५ डॉलर आहे. मामांचा अमेरिकेशी आजवरचा व्यापार म्हणजे प्रवासी बॅगांतून गेलेला दहाबारा किलो मसाला. तह असता तरी पहिल्याच कसोटीला मामा घसरले असते, आणि हे फाईलमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते.

मामा फाईल घेऊन पुन्हा त्या कार्यालयात गेले, बरोबर मी गेले. टाय लावलेल्या गृहस्थाने माझ्याकडे न पाहता मामांना सांगितले, "भारताचा तह नाही हे आम्हाला माहीत आहे. त्यालाही रस्ता आहे. ग्रेनाडा."

ग्रेनाडा हा कॅरिबियन समुद्रातील एक चिमुकला देश. त्याचा अमेरिकेशी गुंतवणुकीचा तह १९८९ पासून आहे, आणि पैसे भरणाऱ्यास तो देश आपले नागरिकत्व देतो. मग त्या नागरिकत्वावर अमेरिकेचा ई-२ व्हिसा मागायचा. भारतातील काही धनवंतांनी हा मार्ग धरला हे खरे आहे. परंतु त्यासाठी दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम लागते. दुसरे, परदेशाचे नागरिकत्व स्वतःहून घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारताचे नागरिकत्व जाते. आणि तिसरे, डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलून ठेवला आहे की अशा रीतीने पैसे भरून नागरिक झालेल्याने आधी त्या देशात सलग तीन वर्षे वास्तव्य केलेले असले पाहिजे. मी हे तिसरे कारण त्या गृहस्थाला विचारले तेव्हा त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले. परतताना बसमध्ये मी मामांना सांगितले की ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ काढलेले आहे, कारण ते तिथले मोठे पीक आहे. मामा म्हणाले, "जायफळ आपल्याला यार्डात मिळतं." त्या दिवसात ते तेवढे एकदाच हसले.

आता भारतीय व्यापाऱ्यापुढे कोणते मार्ग खरोखर आहेत ते पाहू. अमेरिकेसाठी 'बी-१' हा व्यावसायिक भेटीचा व्हिसा आहे. त्यावर जाऊन गिऱ्हाइकाला भेटता येते, प्रदर्शन पाहता येते, सौदा ठरवता येतो. पण तिथे दुकानात बसून विक्री करता येत नाही किंवा तिथला पगार घेता येत नाही. पुण्याच्या माणसाला त्यासाठी मुलाखतीला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत जावे लागते. दुसरा 'एल-१', जो १९७० च्या दुरुस्तीने आला. इथल्या कंपनीने तिथे शाखा काढायची आणि इथे मागच्या तीन वर्षांत निदान एक वर्ष काम केलेला व्यवस्थापक किंवा जाणकार तिकडे पाठवायचा. शाखा नवी असेल तर प्रथम एकच वर्ष मिळते, आणि इथला धंदा चालू राहिला पाहिजे. मामांच्या कंपनीत मामा, मामी आणि दोन मदतनीस बायका. मामा तिकडे गेले तर डंक कोण चालवणार, असे मी विचारले. मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कोण म्हणजे? आत्ता कोण चालवतंय?"

विलायतेचा मार्ग असा की एप्रिल २०२३ पासून 'इनोव्हेटर फाउंडर' नावाचा व्हिसा आहे. पूर्वी लागणारी पन्नास हजार पौंडांची अट त्यात काढली, पण धंद्याची कल्पना नवी, टिकणारी आणि वाढणारी आहे असे मान्यताप्राप्त संस्थेने लिहून द्यावे लागते. कांदा-लसूण मसाला ही नवी कल्पना आहे असे मलाही म्हणता येणार नाही. जपानने तर ऑक्टोबर २०२५ मध्ये धंदा चालवण्याच्या व्हिशासाठी लागणारे भांडवल ५० लाख येनांवरून ३ कोटी येन केले, म्हणजे एकदम सहापट.

मराठी माणसाला जो दरवाजा खरोखर लाभला तो आखाताचा. अमेरिकेत आधी तह, मग व्हिसा. दुबईत उलटे आहे : आधी व्यापाराचा परवाना काढायचा आणि त्या परवान्याच्या पोटी राहण्याचा व्हिसा मिळतो. तिथे तहाची यादी आड येत नाही, भांडवल आणि भागीदार आड येतो. धनंजय दातार यांचे नाव या संदर्भात बहुतेकांनी ऐकलेले असेल. त्यांचे वडील हवाई दलातून निवृत्त होऊन दुबईला गेले आणि १९८४ साली तिथे त्यांनी लहानसे किराणा दुकान काढले. मुलगा मदतीला गेला. झाडलोट करण्यापासून पोती उचलण्यापर्यंत सगळे केले असे ते स्वतः सांगतात. त्या दुकानातून 'अल आदिल' ही पेढी उभी राहिली आणि लोक त्यांना 'मसाला किंग' म्हणू लागले. पोती उचलण्याचा भाग मी अण्णांना वाचून दाखवला. अण्णा म्हणाले, "पोतं तिथंही तेवढंच जड असणार."

योगायोग असा की त्याच १९८४ साली संयुक्त अरब अमिरातीत कंपनी कायदा झाला आणि त्यात कंपनीचा ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाकडे असावा असे ठरले. म्हणजे पैसा आणि घाम तुमचा, पण कागदावर मोठा मालक दुसरा. आपली किती माणसे केवळ या विश्वासावर तिथे धंदा करीत राहिली! पुढच्याच वर्षी, १९८५ साली, जेबेल अली येथे मुक्त क्षेत्र निघाले आणि त्या कुंपणाच्या आत परकीयाला पूर्ण मालकी मिळू लागली. कुंपणाबाहेर मात्र २०२१ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या १ जूनपासून बहुतेक धंद्यांना पूर्ण परकीय मालकी खुली झाली. शिवाय भारत आणि अमिराती यांच्यात व्यापारी भागीदारीचा करार फेब्रुवारी २०२२ मध्ये होऊन १ मे २०२२ पासून अमलात आला. जाणकार सांगतात त्याप्रमाणे आधी दुबई आणि मग पुढे, असा क्रम पुष्कळांनी धरला तो यामुळेच.

मामांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. मामा सातवी शिकलेले. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः उत्प्रवास तपासणीचा शेरा असतो, आणि असा माणूस आखातासह ठरावीक अठरा देशांत नोकरीला निघाला तर त्याला सरकारी परवानगी लागते. हे कष्टकऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. पण जो प्राप्तिकर भरतो त्याला हा शेरा लागत नाही, मग तो सातवी असो की अक्षरशत्रू. मामा तीन वर्षांपासून कर भरतात. तो कर म्हणजे बुडीत खर्च असे ते आजवर समजत होते. परदेशी नोकरीला माणसे लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, हेही इथे नमूद करते. परंतु तो कायदा नोकरभरतीचा आहे, आणि निळी फाईल देणारा स्वतःला नुसता 'सल्लागार' म्हणवतो.

हे सगळे वाचता वाचता मला जी गोष्ट पहिल्या दिवशीच सुचायला हवी होती ती फार उशिरा सुचली. शंभर किलो मसाला अमेरिकेला जायचा आहे. त्याच्याबरोबर मामांनी गेलेच पाहिजे असे कुठे आहे? मसाल्याला व्हिसा लागत नाही.

त्याला कागद मात्र लागतात. प्रथम आयात-निर्यात क्रमांक, ज्याला यार्डातले व्यापारी 'आयईसी' म्हणतात. तो १९९२ च्या परदेश व्यापार कायद्याखाली दिला जातो, शुल्क पाचशे रुपये, पॅन क्रमांकावरच मिळतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती ताजी करावी लागते, नाहीतर तो निद्रिस्त होतो. मसाल्यासाठी शिवाय स्पाइसेस बोर्डाकडे निर्यातदार म्हणून नोंद करावी लागते. १९८६ च्या कायद्याने झालेल्या या मंडळाचे मुख्य कार्यालय कोचीला आहे. अन्न सुरक्षेचा परवाना लागतोच. अमेरिकेच्या बाजूने, २००२ च्या कायद्यापासून, जिथे अन्नपदार्थ तयार होतो त्या जागेची नोंद त्यांच्या अन्न-औषध प्रशासनाकडे करावी लागते, ती दर दोन वर्षांनी नवी करावी लागते, तिथे राहणारा एक प्रतिनिधी नेमावा लागतो आणि प्रत्येक माल पोचण्याआधी सूचना द्यावी लागते. या नोंदणीला त्यांचे सरकार पैसे घेत नाही. म्हणजे बिबवेवाडीतल्या दहा बाय पंधराच्या कांडप केंद्राचा पत्ता अमेरिकेच्या सरकारी वहीत लिहिला जाणार!

याहून अवघड भाग प्रयोगशाळेचा आहे. मिरची नीट वाळली नाही, ओलसर पोत्यात राहिली, तर तिला बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि भाजून पुरते जातही नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगने काही भारतीय मिश्र मसाल्यांत एथिलीन ऑक्साइड सापडल्याचे सांगून त्यांची विक्री थांबवली, सिंगापूरनेही एक मसाला परत बोलावला. तेव्हापासून तपासणी कडक आहे. अण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पावसाळ्यात कोणत्या बाजूच्या थप्पीला ओल लागते आणि कोणत्या गावचा माल वजन वाढावे म्हणून पाणी मारून येतो, याची अशी काही माहिती दिली की ती कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात मावणार नाही. मामांनी ती वहीत उतरवून घेतली. इतकी वर्षे मेहुणा-मेहुणा असून त्यांनी अण्णांना धंद्याचा प्रश्न विचारलेला मी प्रथमच पाहिला.

पन्नास हजारांचे काय झाले? तीन खेपा घातल्यावर तीस हजार परत मिळाले. वीस हजार 'प्रक्रिया शुल्क' म्हणून कापले. आगाऊ रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, असे फाईलच्या शेवटच्या पानावर छापलेलेच होते आणि खाली मामांची सही होती, म्हणून तीस मिळाले हेच नवल. त्या वीस हजारांचा हप्ता मामी अजून भिशीत भरत आहेत.

आयईसीचा अर्ज मी भरला. तो मंजूर झाल्याचा कागद मामांनी छापून डंकाशेजारी लावला आहे. मिरचीच्या धुरळ्याने तो आताच लालसर झाला आहे. गेल्या रविवारी स्पाइसेस बोर्डाचा अर्ज काढून बसले. त्यात पेढीचा प्रकार विचारला आहे, एकट्याची की भागीदारी. मी मामांना विचारले, काय लिहू? मामांनी आत पाहिले. मामी चटणी निवडीत होत्या.

"भागीदारी लिही," मामा म्हणाले. "निम्मी तिची."

मी सांगितले की मग भागीदारीचा करार करावा लागेल, नवा पॅन, नवा आयईसी, आणि पुन्हा पाचशे रुपये.

"मग भर पुन्हा," मामा म्हणाले, आणि डंक सुरू करायला उठले.